पाळणेवाल्यांची इंजिनं

जत्रेतला पाळणा आज डिझेल जनरेटरवर फिरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हे काम वाफेच्या इंजिनांकडे होतं, आणि त्यातली सगळ्यात नखरेल इंजिनं नॉरफकमधल्या थेटफर्ड या लहानशा गावी, बरेल घराण्याच्या कारखान्यात घडत. रणजितसिंहांचे पुत्र महाराजा दुलीपसिंग ज्या एल्व्हडनला राहिले, ते याच्या अगदी जवळ.

बरेल मूळचे शेतीची अवजारं बनवणारे. चार्ल्स बरेल (१८१७-१९०६) यांच्या गळ्यात धंदा पडला तेव्हा त्यांनी जेमतेम विशी गाठली होती. १८४८ साली त्यांनी पहिलं फिरतं इंजिन बनवलं. फिरतं म्हणजे चाकं असलेलं, एवढंच. ओढायला घोडेच लागत. शेतावर नेऊन उभं करायचं आणि फ्लायव्हीलचा पट्टा मळणी यंत्राला जोडायचा. पुढे बॉयडेल नावाच्या संशोधकाची कल्पना त्यांनी उचलली. चाकाभोवती रुंद फळ्या बसवायच्या, म्हणजे इंजिन मऊ रानात रुतत नाही, स्वतःची वाट स्वतःच अंथरत जातं. थॉमसन यांच्या रबरी चाकांची इंजिनंही बरेलांनी केली. नव्या कल्पनेला या घरात दार बंद नसे.

त्यांची खरी करामत १८८९ च्या पेटंटमध्ये दिसते. छोट्या सिलिंडरात काम करून बाहेर पडणारी वाफ वाया न घालवता शेजारच्या मोठ्या सिलिंडरात घ्यायची, आणि दोन्ही दट्ट्यांचा जोर एकाच क्रँकवर आणायचा. कोळसा-पाण्याची बचत झाली आणि सुटे भागही कमी लागले.

पाळणेवाल्यांना असंच इंजिन हवं होतं. दिवसा ते सामानाच्या गाड्यांची माळ ओढत पुढच्या गावी जाई. संध्याकाळी धुराड्यापुढच्या चौथऱ्यावरचा डायनॅमो पट्ट्याने फिरू लागला की सगळी जत्रा विजेच्या दिव्यांनी उजळे. वर लांबलचक छप्पर, त्याच्या कडेला बल्बांची रांग, पिळाचे पितळी खांब, किरमिजी रंग, पिवळी चाकं आणि मालकाने हौसेने ठेवलेलं नाव. ज्या खेड्यात वीज पोचली नव्हती, तिथे लोक पाळण्याइतकंच हे इंजिन बघायला येत असणार!

गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक इंजिन घडवण्यात बरेलांचं नाव होतं, आणि माझ्या मते त्यातच त्यांचं मरणही होतं. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याचे ट्रक स्वस्तात विकायला निघाले, शेतात फोर्डसन ट्रॅक्टर आले. साच्यातून भराभर निघणाऱ्या मालापुढे हे कारागिरीचं काम टिकणार कसं? तशात १९१९ मध्ये अवजारं आणि इंजिनं बनवणाऱ्या अनेक जुन्या कंपन्यांची एक मोठी मोट बांधली गेली. बरेल त्यात सामील झाले आणि घरचे निर्णय घराबाहेर गेले. १९२८ मध्ये थेटफर्डचा कारखाना बंद पडला. उरलेली थोडी इंजिनं त्याच मोटेतल्या गॅरेट कंपनीने लेस्टनला बांधून दिली, आणि १९३२ मध्ये ती मोटही फुटली.

कारखान्याची रंगकामाची शेड तेवढी वाचली. तिथे आता चार्ल्स बरेल यांच्या नावाचं संग्रहालय आहे.