शेतातल्या वर्तुळावरून सौरवादळ आधीच कळतं का? भेंडवळची घटमांडणी आणि १० मे २०२४ ची रात्र

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावात दरवर्षीप्रमाणे संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडला गेला. मातीवर एक गोल, त्याच्या कडेने धान्यं, मधोमध खड्डा. मांडणी झाली आणि माणसं घरी परतली. रात्री त्या जागी कुणी थांबायचं नाही, असा तिथला रिवाज आहे.

त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळला. पहाटेपर्यंत हे वादळ ‘जी-५’ या सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचलं. २००३ नंतर इतकं मोठं सौरवादळ पृथ्वीने पाहिलं नव्हतं. लडाखमधल्या हानले इथल्या खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल प्रभा टिपली. इकडे भेंडवळमध्ये दिवस उगवण्याआधी लोक घटातले बदल पाहायला जमले होते.

शेतात वर्तुळ आणि आकाशात वादळ, तेही एकाच रात्री. रील बनवायला एवढं पुरेसं आहे. परदेशात अशा जोड्या कधीच्याच लावल्या गेल्यात. इंग्लंडच्या गव्हाच्या शेतात उमटणाऱ्या नक्षीदार वर्तुळांमधून, म्हणजे ‘क्रॉप सर्कल’मधून, सूर्यावरच्या स्फोटांची आगाऊ सूचना मिळते असं मानणारे लोक आहेत. ते खरं आहे का?

उत्तर ‘नाही’ असं आहे. पण असं का वाटतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

ही वर्तुळं आली कुठून?

सप्टेंबर १९९१ मध्ये डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या साउथॅम्प्टनच्या दोन मित्रांनी ‘टुडे’ या ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलं की, १९७० च्या दशकापासून ही वर्तुळं ते दोघं करत होते. साधनं काय, तर एक फळी, दोर आणि सरळ रेषेत चालता यावं म्हणून टोपीला लावलेली तारेची कडी. पत्रकारांसमोर त्यांनी करूनही दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या टली गावाजवळ १९६६ मध्ये पाणथळ जागेत गवताचं एक गोल वेटोळं सापडलं होतं, तिथून बोवर यांना ही कल्पना सुचली.

या कबुलीनंतर वर्तुळं थांबतील असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. नवे हौशी कलाकार पुढे आले आणि नक्षी वाढत गेली. ऑगस्ट २००१ मध्ये विल्टशरमधल्या मिल्क हिल इथे एकाच नक्षीत ४०९ वर्तुळं होती.

सूर्याशी संबंध जोडणाऱ्यांचं आवडतं उदाहरण मात्र जुलै २००८ चं आहे. एवेबरी मॅनरजवळच्या शेतात सूर्यमालेसारखी आकृती उमटली. ग्रहांच्या जागा मोजून काहींनी तारीख काढली, २१ डिसेंबर २०१२. माया दिनदर्शिकेमुळे ती तारीख तेव्हा जगभर गाजतच होती, त्यामुळे आकृती काढणाऱ्यालाही ती ठाऊक असणार, हे वेगळं सांगायला नको. सूर्यावर महास्फोट होईल, पृथ्वी अंधारात जाईल, अशा गोष्टी पसरल्या. तो दिवस आला आणि नेहमीसारखा गेला.

गंमत अशी की, २०१२ मध्ये सूर्यावर खरोखरच एक प्रचंड उद्रेक झाला होता. तो २३ जुलैला झाला आणि त्याची दिशा पृथ्वीकडे नव्हती. ‘स्टिरिओ-ए’ या यानाने तो नोंदवला. पृथ्वी त्या वाटेत असती तर मोठं नुकसान झालं असतं. एवेबरीच्या आकृतीतून काढलेली तारीख मात्र पाच महिने पुढची होती.

मग भाकीत ‘जुळतं’ कसं?

साधा हिशोब आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या मोजपट्टीनुसार सुमारे ११ वर्षांच्या एका सौरचक्रात सर्वांत सौम्य, ‘जी-१’ दर्जाची चुंबकीय वादळं सुमारे ९०० दिवस असतात. ११ वर्षं म्हणजे साधारण ४,००० दिवस. म्हणजे सरासरी दर चार-पाच दिवसांत एक. सूर्याची सक्रियता टिपेला असते त्या वर्षांत हे प्रमाण आणखी वाढतं. आता इंग्लंडमध्ये उन्हाळाभर वर्तुळं उमटतात हे लक्षात घ्या. कुठलंही वर्तुळ घ्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात सूर्यावर ‘काहीतरी’ घडलेलं सापडतंच.

हे म्हणजे श्रावणात ‘येत्या आठवड्यात पाऊस पडेल’ असं सांगण्यासारखं आहे. याउलट ‘जी-५’ वादळाचे दिवस अख्ख्या चक्रात सुमारे चारच. त्यातला एखादा दिवस, तारीख आधी जाहीर करून, वर्तुळाच्या जोरावर सांगितला तर गोष्ट वेगळी. चित्र आधी आणि त्याचा अर्थ घटना घडल्यावर, या क्रमाला भाकीत म्हणत नाहीत.

भेंडवळचा घट काय सांगतो?

घटमांडणीची तुलना इंग्लंडच्या वर्तुळांशी सरसकट करणं अन्यायाचं होईल. भेंडवळमध्ये कुणी रात्री लपून काही करत नाही. मांडणी चारचौघांत होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली आणि ती तीनशे-साडेतीनशे वर्षांची आहे असं सांगितलं जातं. आजही वाघ घराण्याकडेच ती आहे. गोलात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सरकी अशी १८ प्रकारची धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर, मग पापड, कुरडई, करंजी वगैरे. शेजारी पानाचा विडा, तो राजाचा. सकाळी कोणतं धान्य जागचं हललं, कोणत्या ढेकळाला किती ओल आहे, हे पाहून वर्षाचं पीकपाणी, रोगराई, देशाचा कारभार याबद्दल अंदाज जाहीर होतो. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता असल्याने राजकीय अंदाज टाळला गेला.

या यादीत सूर्य कुठे आहे? कुठेच नाही. त्या रात्रीचं वादळ घटात ‘दिसलं’ असं म्हणायचं तर आधी घटात नसलेला अर्थ त्यात घालावा लागेल.

धान्य रात्रीतून हलण्यासाठी मुंग्या, उंदीर आणि वारा पुरेसे आहेत. पाण्याच्या घागरीखालच्या ढेकळांना ओल येणारच. त्याचा जुलैच्या पावसाशी संबंध जोडणारी कोणतीही प्रक्रिया ज्ञात नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. तरी हजारो शेतकरी येतात. घाटाखालचं भेंडवळ असो की घाटावरच्या चिखली तालुक्यातलं उंद्री, कोरडवाहू शेतकऱ्यासमोर मे महिन्यात प्रश्न एकच असतो, पेरायचं काय आणि कधी. दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा सोसलाय तो कुणाचाही अंदाज ऐकून घेतो. अडचण ऐकण्यात नाही, त्या एका अंदाजावर बियाणं-खताचा पैसा लावण्यात आहे. हवामान विभागाने एप्रिल २०२४ मध्ये देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल, त्यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, असं आकड्यात सांगितलं होतं. प्रत्यक्षात सुमारे १०८ टक्के झाला. हा अंदाज चुकला असता तर तेही आकड्यातच दिसलं असतं. अर्थात देशाची सरासरी म्हणजे एका गावाचा पाऊस नव्हे.

सौरवादळ खरंच आधी कळतं का?

काही प्रमाणात, हो. त्यासाठी सूर्याकडेच पाहावं लागतं. मे २०२४ चं वादळ ‘३६६४’ क्रमांकाच्या डागसमूहातून उठलं. त्याचा विस्तार पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा-सोळा पट होता. स्फोटाचा प्रकाश आठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, पण कणांच्या ढगाला साधारण एक ते तीन दिवस लागतात. हाच मधला वेळ इशाऱ्यासाठी मिळतो. ‘नोआ’ने एक दिवस आधी ‘जी-४’ वादळाची शक्यता जाहीर केली होती. प्रत्यक्षात ते त्याहून एक पायरी मोठं निघालं.

लांबचे अंदाज अजून कच्चे आहेत. सध्याच्या २५ व्या सौरचक्राचा शिखरबिंदू डागसंख्येत ११५ च्या आसपास राहील, असं तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. तो १६० पर्यंत गेला. शास्त्रज्ञ चुकले, आणि किती चुकले हे कुणालाही तपासता येतं.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर १८५९ मधल्या ‘कॅरिंग्टन’ वादळाची एक मोलाची नोंद मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत झाली. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं हाताने नोंदवलं गेलं. मे २०२४ मध्ये पृथ्वीवरची सरासरी घसरण ४०० च्या आसपास होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली. आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्य पाहणाऱ्या ‘आदित्य-एल१’ वरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने घडवली आहे.

शेती आणि सौरवादळ यांचा खरा संबंध त्या मे महिन्यात दिसला तो अमेरिकेत. मक्याच्या पेरणीचे दिवस होते आणि जीपीएसवर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर भरकटू लागले. अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

आपल्या शेतात गोल दिसला तर?

आधी झाडं उपटून मुळं पाहा. वादळी पावसानंतर गहू किंवा ज्वारी लोळली असेल तर झाडं एका दिशेला झुकलेली दिसतात. पीक गोलाकार वाळत असेल तर मूळकूज किंवा हुमणी असू शकते. मधोमध जळाल्यासारखं असेल आणि नुकताच कडकडाट झाला असेल तर वीज पडलेली असू शकते. जुन्या खळ्याची जागाही पुढे कित्येक वर्षं पिकात वेगळी उठून दिसते. फोटो काढा, पण तो आधी कृषी सहायकाला पाठवा. गावाच्या ग्रुपवर तो नंतरही टाकता येईल.