दुखावलेल्या मुलांचे समुपदेशक कोठून येणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. पडलेली घरे किती, मेलेली गुरे किती, याची मोजदाद झाली. घरे पुन्हा उभी राहिली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली, हे मोठेच काम होय. परंतु ढिगाऱ्याखालून निघालेल्या मुलाच्या मनाचे काय झाले, हे सांगू शकणारी किती शिक्षित माणसे त्या वेळी मराठवाड्यात होती? आणि आज तरी किती आहेत?

आघात सोसलेले मूल मोठ्यांप्रमाणे आपले दुःख बोलून दाखवीत नाही. ते वर्गात गप्प बसते, विनाकारण मारामारी करते, रात्री दचकून उठते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते. शिक्षकास ते मठ्ठ वाटते, पालकांस हट्टी. खेळातून, चित्रांतून, बाहुलीच्या तोंडून त्याला बोलते करणे आणि त्याच्या कलाने थांबणे ही विद्या व्याख्याने ऐकून येत नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मुलांसमवेत वर्ष-दोन वर्षे घालवावी लागतात. त्यातही मुलाची बोली कळली पाहिजे. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नास मेळघाटातील कोरकू मूल काय उत्तर देणार?

या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. तेव्हापासून समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी ही एक वाट आहे. दुसरी मानसशास्त्राची. पदवीची तीन वर्षे, एम. ए. ची दोन आणि त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले चिकित्सा मानसशास्त्राचे दोन वर्षांचे प्रशिक्षण, अशी बारावीनंतर सात वर्षे. त्या शेवटच्या टप्प्याच्या जागा मोजक्याच. त्यात २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. पदवीच बंद झाली आणि या विषयापुरती मुदतवाढ देण्याची वेळ आली. समुपदेशक या व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ च्या अधिनियमाने. तोवर पाटी कोणीही लावावी!

२०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालविण्यास मनाई केली. दर्जाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. पत्राने पोहणे शिकता येत नाही. पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कारकुनाची, शिक्षिकेची वाट त्याने बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कोणती उघडली, हे कोणी सांगितले नाही.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास येथे एक जुनाच प्रश्न दिसतो. या सेवेचा खरा ग्राहक मूल आहे आणि त्याच्या खिशात दमडी नाही. बहुधा त्याच्या पालकांच्याही नाही. म्हणून बाजार ही सेवा पुरवितो ती शुल्क देऊ शकणाऱ्या शहरी घरांस. सात वर्षे शिकलेला तरुण मुंबई-पुण्यात दवाखाना थाटतो, यात त्याचा दोष नाही. उलट, तालुक्याच्या गावी राहणारा एखादा बाप सात वर्षांचा खर्च आणि तेवढ्या काळात बुडणारी मिळकत मांडून मुलीला बँकेच्या परीक्षेस बसवितो, तेव्हा त्याचा हिशेबही चुकलेला नसतो.

शासनाने या हिशेबात काय भर घातली? बाल न्याय अधिनियमाच्या व्यवस्थेत बालगृहांसाठी समुपदेशकाची तरतूद आहे. पण या क्षेत्रातील नेमणुका बहुधा कंत्राटी, मानधनावरच्या. पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांत पीडित मुलाच्या सोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची सोय आहे. तिच्याकडे समाजकार्य, मानसशास्त्र अशा विषयांतील पदव्युत्तर पदवी अथवा पदवी व मुलांसोबतच्या कामाचा अनुभव असावा, अशी अपेक्षा. मोबदला मात्र कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी नसावा, एवढीच हमी! कुशल कामगाराचा येथे अनादर नाही. पण मोबदल्याची तळरेषा तेथे आखली की बहुतेक वेळा ती छतही ठरते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले की, या व्यक्तींचे वेतन त्यांच्या पात्रतेस व कामास साजेसे हवे.

वास्तविक उपाय अवघड नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकणाऱ्या डॉक्टरांकडून शासन सेवेचे बंधपत्र लिहून घेते. तोच करार येथेही करता येईल: प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत निर्वाह चालेल इतके विद्यावेतन, त्यानंतर ठरावीक वर्षे आपल्याच जिल्ह्यात नियमित वेतनश्रेणीत सेवा. निवडीत बोलीभाषा जाणणाऱ्यास प्राधान्य. शिक्षक व कर्मचाऱ्यांस त्यासाठी अध्ययन रजा. जिल्ह्यास दहा माणसे धरली तरी ३६ जिल्ह्यांस ३६० लागतील. एवढ्यांच्या दोन वर्षांच्या विद्यावेतनाची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात शोधायची झाली, तर ती सापडण्यासही भिंग लागेल.