पन्नास मायक्रॉनची पट्टी

पन्नास मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. चांगल्या प्रतीच्या रेसिंग स्ट्राइपची जाडी साधारण एवढीच असते, माणसाच्या केसापेक्षाही कमी. बारामतीत किंवा इंदापुरात एखादं पोरगं रेडियमच्या दुकानातून पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर दोन काळ्या पट्ट्या मारून घेतं. पुढे काही वर्षं ती गाडी चाळीस अंशांच्या उन्हात उभी राहते, चिखलातून जाते, वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याचा मारा खाते. त्या पट्टीला ना खिळा ना वेल्डिंग, तरी ती जागची हलत नाही. मला यात खरोखर नवल वाटतं, आणि कारण समजल्यावर ते आणखी वाढतं.

आधी पट्टीच्या अंगाचं बघू. विनाइल म्हणजे पीव्हीसी. नीरा डाव्या कालव्याच्या भागात शेताशेतांत गाडलेले पाइप ज्या प्लास्टिकचे, तेच हे. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनचा असतो आणि तो क्लोरीन येतो मिठापासून. पाइप हातोडीने ठोकला तर तडकतो आणि पट्टी मात्र कापडासारखी दुमडते, कारण पट्टीत प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते पीव्हीसीच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून घसरू देतं. ही करामत 1926 मध्ये अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सीमन या रसायनज्ञाला सापडली. तो शोधत होता धातूला रबर चिकटवणारा पदार्थ. हाती लागलं ते लवचीक होतं, पण कशालाच चिकटत नव्हतं! आज त्याच पदार्थाच्या पाठीला चिकट थर लावून आपण तो गाडीच्या धातूवर बसवतो.

दुकानात पट्टीचे दोन भाव सांगतात, एक स्वस्त आणि एक चांगलाच महाग. फरक बनवण्याच्या रीतीत आहे. स्वस्त विनाइल गरम रोलरांमध्ये दाबून, ताणून पातळ करतात. महाग विनाइल पातळ द्रावणाच्या रूपात ओततात आणि भट्टीतून नेऊन सुकवतात. एक लाटलेली चपाती, दुसरं तव्यावर ओतलेलं धिरडं. लाटलेल्या कणकेला मागे आक्रसायची ओढ असते, ओतलेल्या पिठाला ती नसते. एप्रिल-मे महिन्यात बॉनेट तापलं की स्वस्त पट्टी आपल्या मूळ आकाराकडे परतू बघते, कडा आत सरकतात आणि उघड्या पडलेल्या चिकट रेघेवर धूळ बसून काळी किनार तयार होते. बंपरच्या वळणावर तर ती उचलतेच. सपाट दरवाजावरच्या अक्षरांना स्वस्त माल चालेल, पण बॉनेटपासून टपावरून डिकीपर्यंत जाणाऱ्या पट्टीला ओतलेलंच विनाइल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चिकटण्याविषयी. पट्टीमागचा कागद ओढल्यावर दिसणारा थर सुकणारा नाही. तो कायम ओलसर, अर्धा द्रव आणि अर्धा घन राहतो. हळू दाबलं तर तो वाहतो आणि झटक्यात ओढलं तर घनासारखा अडतो. गाडीचा रंग आपल्याला आरशासारखा गुळगुळीत वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डोंगर-दऱ्या दिसतात. चिकट थर त्या दऱ्यांत उतरत जातो आणि रंगाच्या रेणूंच्या इतका जवळ पोचतो की दोघांमध्ये व्हॅन डर वाल्स बल काम करू लागतं. एका जोडीपुरतं पाहिलं तर हे बल अगदीच क्षीण आणि मिलिमीटरच्या लाखाव्या भागापलीकडे त्याचा प्रभाव जवळजवळ संपतो. पण एका पट्टीखाली अशा जोड्या अब्जावधी असतात. थ्रीएम कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट यांनी यातली हद्दही शोधून काढली. पदार्थाची ताठरता सुमारे तीन लाख पास्कलच्या वर गेली की तो दऱ्यांत उतरू शकत नाही आणि नुसत्या दाबाने चिकटत नाही.

पट्टी लावून झाल्यावर कारागीर एक-दोन दिवस गाडी धुवू नका म्हणतो, त्याचं मूळ इथेच आहे. पहिल्या मिनिटाला थर फक्त शिखरांना टेकलेला असतो. पकड तासातासाने वाढत जाते.

पृष्ठभागाने त्या थराला पसरू द्यायला हवं, हेही तितकंच खरं. याची परीक्षा घरीच करता येते. पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरला तर पट्टी धरेल, मण्यासारखा उभा राहिला तर सुटेल. मेणाचं पॉलिश केलेल्या बॉनेटवर थेंब उभा राहतो, म्हणून आधी शॅम्पूने धुऊन मग स्पिरिटने पुसावं लागतं. दरवाज्याखालच्या रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकवर पट्टी टिकत नाही तीही याच कारणाने.

आणि मग हात. चांगला कारागीर गाडी सावलीत घेतो, कारण तापलेल्या पत्र्यावर चिकट थर पहिल्याच स्पर्शात धरतो आणि चूक सुधारायला सवड देत नाही. बॉनेटचा मध्य तो डोळ्याने ठरवत नाही, टेपने मोजतो आणि मास्किंग टेपने आखतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर एखाद-दोन मिलिमीटरने चुकलं तरी समोरून येणाऱ्याच्या नजरेला ते खुपतं. मग बॉनेटवर आणि पट्टीच्या चिकट बाजूवर शॅम्पूचे चार थेंब टाकलेलं पाणी फवारतो. पाण्याचा पडदा रेणूंना भेटू देत नाही, त्यामुळे एवढी लांब पट्टी बोटाने सरकवता येते. जागा पक्की झाली की मधून कडेकडे स्क्वीजीची पाती फिरवत पाणी बाहेर काढायचं, शेवटी वळणांवर हीट गन फिरवायची. उष्णतेने विनाइलमधला ताण सैल होतो आणि ते नव्या आकाराला आपला मानतं. हे काम बघत उभं राहणं मला फार आवडतं.

या दोन पट्ट्यांचं घराणंही सांगायला हवं. पूर्वी शर्यतींत देशागणिक रंग ठरलेले होते: इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा. अमेरिकेच्या वाट्याला पांढरी बॉडी आणि निळी चासी. पुढे बॉडीने चासी झाकली गेली, मग तो निळा रंग पट्ट्यांच्या रूपाने वर आला असं सांगतात. 1951 मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅमच्या गाड्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत असे निळे पट्टे घेऊन धावल्या. 1965 च्या शेल्बी मस्टँगने ते रस्त्यावर आणले.

पण आपल्या तालुक्यांतल्या रेडियमच्या दुकानात याहून थोर पट्टी मिळते, असं मी म्हणेन. ऊस ट्रॉलीच्या मागची लाल चमकणारी पट्टी. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे रात्रभर ट्रॅक्टर चालतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यात बारीक काचमणी किंवा घनाच्या कोपऱ्यासारखे इवलेसे प्रिझम असतात. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांवर आपटून किरण जिकडून आला तिकडेच परत जातो, मग तो बराच तिरका आलेला असो. साधा आरसा तिरक्या उजेडाला भलतीकडे पाठवतो, ही पट्टी मात्र तुमच्या हेडलाइटचा उजेड तुमच्याच डोळ्यांकडे परतवते.

हाच कोपरा चंद्रावर आहे. 1969 मध्ये अपोलो 11 ने असे शंभर प्रिझम तिथे ठेवले. चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरवर नासाचे आठ प्रिझम बसवलेली, पाच सेंटिमीटर रुंदीची घुमटी होती. 12 डिसेंबर 2023 रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने शंभर किलोमीटरवरून लेझर मारला आणि विक्रमने तो परत पाठवला. त्या चांद्रयानाला उचलणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या एस-200 बूस्टरच्या आवरणाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनले होते. म्हणजे ज्या रस्त्यांनी ऊस जातो, त्याच रस्त्यांच्या परिसरातून चंद्रावरच्या त्या परावर्तकाला धक्का मिळाला. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

आता पुन्हा रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पट्टीकडे. नियमाने वाहनाच्या पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी ही पट्टी लावतात. ट्रॉलीवर मात्र तिची गाठ चिखलाशी आणि वाढ्यांशी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याशी, पडते. चिखलाचा पातळ थरही उजेडाला जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा अडवतो. उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाणी साचलं तर हवेऐवजी पाण्यातून शिरणारा किरण मण्याच्या पाठीवर नेमका एकवटत नाही आणि चमक मंदावते, म्हणून मणी किंवा प्रिझम आत बंद केलेलीच पट्टी घ्यावी. गंजलेल्या पत्र्यावर ती धरत नाही, आधी घासून, पुसून, कोरडं करावं लागतं. आणि ती फाळक्याच्या वरच्या कडेला नको, कारण लादलेल्या उसाची वाढी तिथेच लोंबतात. खाली, आडव्या चॅनेलवर लावावी आणि वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत फडक्याने एकदा पुसून घ्यावी.