पास्ता : पथ्य कीं कुपथ्य?

परवां माझी दहा वर्षांची नात पास्त्याची ताटली घेऊन जेवावयास बसली होती, आणि शेजारीं मी ज्वारीची भाकरी मोडीत होतों. मधुमेहाचें पथ्य मागें लागून मला चार वर्षें झालीं. तिनें विचारलें, "आजोबा, हा तुम्हांला चालतो का?" सारी हयात अंकगणित शिकविण्यांत गेलेल्या ह्या मास्तरास होय कीं नाहीं, हें एका शब्दांत सांगतां येईना. मग जी चौकशी केली, ती आपणांपुढें मांडतों.

पास्ता म्हणजे गव्हाचा रवा पाण्यांत घट्ट मळून, साच्यांतून दाबून काढून वाळविलेला पदार्थ. आपल्या शेवयांचा इटालियन भाऊबंदच म्हणा ना. मात्र गहू कोणताहि चालत नाहीं. सुका पास्ता ड्यूरम ह्या कठीण दाण्याच्या गव्हाचाच असावा, असा इटलींत १९६७ सालीं कायदा झाला. हा गहू आपणांस परका नाहीं: महाराष्ट्रांतला बन्सी तो हाच, आणि खपली त्याचा निकटचा आप्त.

ह्याच इटलींत १९३० सालीं मारिनेट्टी नांवाच्या कवीनें पास्त्याविरुद्ध जाहीरनामा काढला. पास्त्यानें मनुष्य आळशी व निराश होतो, असा त्याचा आक्षेप. परदेशी गहू विकत घेणें टळावें, हाहि त्यांत एक हेतु होता. लोकांनीं कवीचें ऐकलें नाहीं, आणि आहारशास्त्रापुरतें तरी तें ठीकच झालें.

शंभर ग्रॅम सुक्या पास्त्यांत सुमारें ३५० उष्मांक, १२ ते १३ ग्रॅम प्रथिनें आणि ७० ग्रॅमांहून अधिक पिष्ट असतें. स्निग्धांश दीड ग्रॅमच्या आसपास. पिष्ट एवढें, तर रक्तांतली साखर झरकन् चढावयास हवी. परंतु पिष्टाच्या कणांभोंवतीं गव्हाच्या प्रथिनांचें घट्ट जाळें असतें. पाचक रसांना त्यांतून वाट काढीत जावें लागतें, म्हणून साखर हळूहळू रक्तांत उतरते. ग्लुकोजची साखर चढविण्याची शक्ति १०० धरली, तर पांढऱ्या पावाची ७०-७५ भरते, पास्त्याची ५० च्या जवळपास. पास्ता फार शिजवून गिच्च केला कीं हें जाळें सैल पडतें व लाभ कांहींसा घटतो. इटालियन गृहिणी तो दातांना किंचित लागेल इतकाच शिजवितात, तो केवळ चवीचा हट्ट नव्हे.

एक उणीव आहे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हें द्रव्य थोडें, तें कडधान्यांत पुष्कळ. इटलींतील गरीब घरांनीं पास्ता व घेवड्याचे दाणे एकत्र शिजवून ही उणीव कधींच भरून काढली. आपलीं वरणफळें दुसरें काय आहेत? चोथाहि पांढऱ्या पास्त्यांत बेताचाच, तो भाजीनें भरावा लागतो.

आणि प्रमाण! इटलींत एका माणसाचा वाटा ८० ग्रॅम सुका पास्ता मानतात. शिजल्यावर तो दुपटीहून जड होतो, म्हणून तोलावयाचा तो कोरडाच. माझ्या नातीच्या ताटलींत ह्याहून फारसा कमी नव्हता, आणि वर चीज व लोणी इतकें, कीं खालचा पास्ता दिसेना. पाकिटावर तर 'मैदा' असें स्पष्ट छापलेलें. दोष पास्त्याचा म्हणावा तरी कसा?

डॉक्टरांना विचारून मीं माझ्यापुरता ४० ग्रॅमांचा वाटा ठरविला: ड्यूरमचा, राजमा, टोमॅटो व भरपूर पालेभाजी घालून. रविवारीं सूनबाईंनीं तसा केला. भाकरीची सर त्याला नाहीं, पण ताटली मीं पुसून खाल्ली. नातीनें मात्र आपल्या वाट्यावर चीज किसावयास घेतलें. आमचा तह अद्याप व्हावयाचा आहे.