अंतर मोजणारी दुर्बीण: रेंजफाइंडर कसा निवडावा

लांबच्या निशाणावर गोळी झाडणाऱ्याला सर्वांत आधी अंतर कळावे लागते. बंदुकीच्या नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली येऊ लागते. अंतर वाढते तसा तिचा वेग कमी होतो आणि उतार वाढत जातो. ७.६२ मिलिमीटर जातीच्या नेहमीच्या रायफलचे उदाहरण घेतले, तर ३०० मीटरवर अंतराचा अंदाज १० मीटरनी चुकल्यास गोळी सुमारे ३ सेंटिमीटरच वर-खाली लागते. तीच १० मीटरची चूक ९०० मीटरवर झाली, तर फरक सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून जवळच्या नेमबाजीत अंतरमापकावाचून काही अडत नाही, लांबच्या नेमबाजीत मात्र सगळे गणित त्याच्यावर उभे असते.

अंतर मोजण्याची जुनी रीत त्रिकोणाची. पायाची लांबी ठाऊक असली आणि दोन्ही टोकांचे कोन मोजता आले की तिसरा बिंदू किती दूर आहे ते काढता येते. याच रीतीने विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया आखून हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. हे काम उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. पुढे लीड्स येथील आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी ब्रिटिश युद्धखात्याची १८८८ मधील जाहिरात पाहून तोच त्रिकोण एका नळीत बसवला. नळीच्या दोन टोकांतून येणाऱ्या दोन प्रतिमा चाक फिरवून एकमेकींशी जुळवायच्या आणि पट्टीवर अंतर वाचायचे. १८९२ मध्ये ब्रिटिश नौदलाने हे यंत्र स्वीकारले. त्याची मर्यादा पायाच्या लांबीत होती. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होई, म्हणून युद्धनौकांवरच्या नळ्या कित्येक मीटर लांब असत.

१९६० मध्ये थिओडोर मेमन याने पहिला लेसर चालवून दाखवला आणि अंतरमापनाची रीतच बदलली. आता कोनाऐवजी वेळ मोजतात. यंत्र प्रकाशाचा अतिशय छोटा स्पंद सोडते, तो निशाणावर आपटून परत येतो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे १ किलोमीटरवरच्या निशाणापर्यंत जाऊन परत यायला त्याला ६.६७ मायक्रोसेकंद लागतात. मीटरभराच्या अचूकतेसाठी घड्याळाला ६ ते ७ नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. एवढे बारीक काम करणारे यंत्र आज तळहातावर मावते. या रीतीत अंतराच्या वर्गाबरोबर चूक वाढत नाही; अडचण असते ती परत येणारा प्रकाश क्षीण होण्याची.

या यंत्राचा उपयोग कोणाला, हे निवडीआधीच ठरवायला हवे. भारतात शिकारीसाठी ते घेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. बेळगावकडच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात किंवा निपाणीकडच्या उसात रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तरी शेतकऱ्याने आपण होऊन बंदूक उचलायची नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवाच. पीक गेल्याचे दुःख खरे आहे आणि भरपाईची वाट पाहणे सोपे नाही, तरी कायद्याची ही रेषा योग्यच आहे. एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. तिथले गवे आज दिसतात ते अशा निर्णयांमुळेच.

दाजीपूर ज्या राधानगरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद जिंकले होते. या नेमबाजांना रेंजफाइंडर लागत नाही. तिथे अंतर नियमानेच ठरलेले असते आणि अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या मधल्या वर्तुळात सगळी स्पर्धा चालते. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाच्या पालकांनी यावर पैसे घालू नयेत. ते चांगल्या जाकिटावर आणि गोळ्यांवर खर्च करावेत.

मग हे यंत्र लागते कोणाला? लष्कराला लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे, त्यामुळे फायरिंग रेंज या भागाला नवी नाही. डेहराडूनची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा, आयआरडीई, लेसर अंतरमापकांवर काम करत आली आहे आणि अर्जुन रणगाड्याच्या नेमयंत्रातही तो बसवलेला आहे. मोकळ्या मैदानावर लांबची रायफल चालवणाऱ्या परवानाधारक नेमबाजाला, गोल्फ खेळणाऱ्याला आणि झाडाची उंची काढणाऱ्या वनकर्मचाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. आपल्याकडे मात्र त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग रानात होतो, आणि तो जनावर मारण्यासाठी नाही, मोजण्यासाठी.

ही मोजणी कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे. जंगलात आधी सरळ वाट आखलेली असते. कर्मचारी सकाळी त्या वाटेवरून शांतपणे चालतात. चितळांचा कळप दिसला की तिथेच थांबायचे, कळपात किती जनावरे ते मोजायचे, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा टिपायची. समजा कळप ८० मीटरवर आहे आणि वाटेच्या दिशेशी ३० अंशांचा कोन करतो. तर वाटेपासून त्याचे लंब अंतर ४० मीटर निघते. अशा शेकडो नोंदींवरून, वाटेपासून दूर जाताना किती जनावरे नजरेतून सुटतात याचा हिशोब होतो आणि त्यावरून प्रत्येक चौरस किलोमीटरमधील घनता काढतात. कर्नाटकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या जंगलात ही पद्धत रुजवली; देशभरच्या व्याघ्रगणनेत वाघाच्या भक्ष्याचा अंदाज घ्यायलाही तीच वापरतात. खानापूर तालुक्यातल्या भीमगडसारख्या दाट रानात नुसत्या नजरेने अंतर सांगणे फसवे असते. झाडीत जनावर खऱ्यापेक्षा दूर भासते, उघड्यावर जवळ. अंदाज चुकला की घनता चुकते आणि पुढचे सगळे निर्णयही चुकतात.

निवड करताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवावा. ‘२००० मीटर’ असे छापलेले असते ते बहुधा चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या पाटीसाठी. झाडाच्या बुंध्यावरून त्याहून कमी प्रकाश परत येतो, जनावराच्या केसाळ अंगावरून आणखी कमी. चांगले उत्पादक तिन्ही आकडे वेगवेगळे देतात. हरणासाठीचा आकडा पाटीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी असणे अगदी नेहमीचे आहे. वेळेचाही फरक पडतो. भर दुपारच्या उन्हात यंत्राच्या डोळ्यात इतका फालतू उजेड शिरतो की परतलेला क्षीण स्पंद त्यात हरवतो. सायंकाळी तेच यंत्र बरेच लांबचे वाचते. ज्याला खरोखर ६०० मीटरचे काम आहे त्याने हरणाच्या किंवा झाडाच्या आकड्यात ६०० बसतात का, ते पाहावे.

खोक्यावर क्वचितच ठळक छापली जाणारी, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे किरणाचा फैलाव. लेसरचा किरण दोऱ्यासारखा सरळ राहत नाही, पुढे जाता जाता रुंदावतो. हा फैलाव मिलिरेडियनमध्ये मोजतात: १ मिलिरेडियन म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. स्वस्त यंत्रांतल्या डायोडचा किरण गोल नसून आडव्या किंवा उभ्या पट्टीसारखा असतो. दीड मिलिरेडियन रुंदीची पट्टी ८०० मीटरवर १.२ मीटर पसरते. चितळाची खांद्यापर्यंतची उंची मीटरभरही नसते, म्हणजे पट्टी उभी असली तर अर्धा प्रकाश पुढच्या गवतावर किंवा मागच्या टेकडीवर पडतो आणि यंत्र त्यांचेच अंतर सांगून मोकळे होते. आकडा ठसठशीत दिसतो, पण तो भलत्याच वस्तूचा असतो. लांबच्या कामासाठी कमी फैलावाचे यंत्र जास्त पैसे देऊनही घ्यावे. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

किरण आणि भिंगातली खूण एकाच ठिकाणी आहेत का, हे विकत घेतल्या दिवशीच तपासावे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला एकटा खांब निवडावा. यंत्र तिपाईवर ठेवून खूण डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवावी आणि कुठे आकडा उमटतो, कुठे थांबतो ते पाहावे. मग आडव्या फांदीवर किंवा पाण्याच्या टाकीच्या कडेवर तसेच वरून खाली करावे. आकडा खुणेच्या एका बाजूलाच उमटत असेल, तर किरण तिकडे कलला आहे. बदलून घेता आले तर उत्तम, नाहीतर तो कल लक्षात ठेवून नेम धरावा लागतो. अचूकता पाहायला धावपट्टीवरचे आखलेले १०० मीटर किंवा टेपने मोजलेले अंतर घ्यावे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नये, कारण रस्ता वळतो आणि किरण सरळ जातो.

बहुतेक यंत्रांत ‘पहिले निशाण’ आणि ‘शेवटचे निशाण’ असे दोन पर्याय असतात. गोल्फमध्ये झेंडा पुढे आणि झाडी मागे, म्हणून तिथे पहिला पर्याय कामाचा. रानात किंवा उसाच्या फडापलीकडे पाहताना पुढची पाने आड येतात, म्हणून दुसरा. चुकीचा पर्याय लावून ठेवलेला असणे हे चुकीच्या आकड्याचे फार साधे आणि फार वारंवार आढळणारे कारण आहे.

चढउतारावर यंत्र तिरके अंतर वाचते, गोळीचा उतार मात्र जवळजवळ आडव्या अंतरावर ठरतो. ३० अंशांच्या चढावर ४०० मीटरचे तिरके अंतर आडवे धरले तर ३४६ मीटर होते. राजहंसगडासारख्या टेकडीच्या पायथ्यावरून माथ्याकडे पाहणाऱ्याला ५४ मीटरचा हा फरक नजरेने कळणार नाही, आणि ४०० चा हिशोब लावला तर गोळी वरून जाईल. आत कोनमापक असलेली यंत्रे आडवे अंतर स्वतःच दाखवतात. डोंगराळ भागासाठी ही सोय हवीच. काही महागड्या यंत्रांत हवेचा दाब व तापमान मोजून गोळीचा उतार सांगणारे गणकही असतात. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर; इथली हवा किनाऱ्यापेक्षा विरळ असल्याने गोळी थोडी कमी उतरते. पण हा हिशोब फोनवरही करता येतो, त्यासाठी यंत्रावर दुप्पट खर्च करण्याची गरज नाही.

पावसाळा हा या भागातला खरा परीक्षक. धुके आणि बारीक पाऊस किरणाला वाटेतच परतवतात. आंबोली घाटात गाडीचा हेडलाइट पूर्ण सोडला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच इथे होते, आणि यंत्र २० किंवा ३० मीटर असा निरर्थक आकडा दाखवते. पावसासाठीचा वेगळा पर्याय जवळचे प्रतिध्वनी सोडून देतो, पण दाट धुक्यात तोही हात टेकतो. जलरोधक बांधणी मात्र अवश्य हवी.

डोळ्यांची सुरक्षितता दुय्यम मानू नये. हातात धरायची बहुतेक यंत्रे ९०५ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश वापरतात, लांबची महागडी यंत्रे सुमारे १५५० नॅनोमीटरचा. दुसऱ्या प्रकारचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याची शक्ती जास्त ठेवता येते. जुन्या लष्करी यंत्रांतला १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश थेट पडद्यावर जाऊन इजा करू शकत असे. विकत घेताना ‘वर्ग १’ असा शिक्का पाहावा, आणि तो असला तरी कुणाच्या डोळ्यांवर यंत्र रोखू नये.

बाकी गोष्टी किरकोळ. सहा किंवा सात पट वर्धन पुरते. त्याहून जास्त झाले की हात हलतो आणि खूण निशाणावर टिकत नाही. संध्याकाळी काम असेल तर आतले आकडे काळे नसून उजळणारे असावेत. लांबच्या मापासाठी तिपाईवर बसवायचे आटे असलेले यंत्र घ्यावे. एकक मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. परदेशी यंत्रे अनेकदा वारावर लावलेली येतात, तर आपल्या रायफलींचे स्कोप आणि सैन्याचे नकाशे मीटरवर चालतात. शहापूरच्या साडीच्या दुकानात नऊ वार किती हे कुणालाही सांगावे लागत नाही, पण ८०० वार म्हणजे सुमारे ७३२ मीटर हे फायरिंग पॉइंटवर घाईत आठवत नाही, आणि ६८ मीटरची ही चूक कोणत्याही किरणाच्या फैलावापेक्षा मोठी असते.

बॅटरी संपली तर स्कोपमधल्या मिलिरेडियनच्या खुणा कामी येतात. निशाणाची उंची मीटरमध्ये ठाऊक असावी. तिला १००० ने गुणून खुणांच्या संख्येने भागायचे. १ मीटर उंचीचे निशाण २ खुणांत बसले तर ते ५०० मीटरवर आहे. लेसर हाताशी असतानाही हा हिशोब अधूनमधून करून पाहावा, कारण दोन्ही उत्तरांत मोठा फरक पडला तर किरण भलत्याच वस्तूवर पडतो आहे हे लगेच कळते.