पाहिलेलें पीक आणि पारखलेलें पीक

पिकें उभीं असतां बांधावरून हिंडणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत जो हिशेब चाललेला असतो, तो बहुधा दुसऱ्याच्या शेताचा असतो. शेजाऱ्याचा गहूं आपल्या गव्हाहून वीतभर उंच दिसला, कीं त्यानें काय घातलें याची आपण चौकशी करतों. त्यानें एखाद्या नव्या खताचें नांव सांगितलें, कीं पुढील हंगामांत तेंच आपल्या घरीं येऊन पडतें. विकणाराही हेंच सांगत येतो, कीं अमक्या गांवीं ज्यांनीं ज्यांनीं हें वापरलें त्यांना एकरीं दोन क्विंटल अधिक उतरले. हें सांगणें खोटेंच असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळदां तें अक्षरशः खरें असतें. तरीही तेवढ्यावरून ते दोन क्विंटल त्या खतानें दिले असें ठरत नाहीं. आणि ह्या दोन विधानांतील अंतर ध्यानांत न आल्यामुळें शेतकऱ्याचा पैसा मातींत जातो, तो पिकासाठीं नव्हे.

ज्यानें नवें खत घेतलें तो कोण, हें प्रथम पाहावें. नवी वस्तु विकत घेण्याइतका पैसा ज्याच्या हातीं असतो, त्याची विहीर बहुधा उन्हाळ्यांतही आटत नाहीं. त्याचें बियाणें निवडक असतें, पेरणी वाफशावर होते, खुरपणीस मजूर वेळेवर मिळतात. ज्यानें खत घेतलें नाहीं त्याची जमीन कदाचित् मुरमाड असते आणि तिफणही दुसऱ्याची मागून आणलेली असते. आतां दोघांच्या राशींत जो फरक पडला तो खताचा, कीं पाण्याचा, कीं जमिनीचा, कीं माणसाचा? नुसत्या पाहण्यानें हें निवडतां येत नाहीं. उलट प्रकारही घडतो. कीड पडल्यावरच शेतकरी औषध फवारतो. मग गांवांतील सर्व शेतें पाहून कोणी यादी केली, तर औषध फवारलेल्या शेतांतच कीड अधिक आढळेल! त्यावरून औषधानें कीड आणली असें म्हणणारास आपण हंसूं. परंतु खताच्या बाबतींत त्याच जातीचें अनुमान आपण गंभीरपणें करीत असतों.

संख्याशास्त्रांत ह्यास निरीक्षण अथवा पाहणी म्हणतात. जें जसें घडलें तें तसें टिपावयाचें. कोणीं काय वापरावें यांत पाहणारानें हात घालावयाचा नाहीं. प्रयोगांत याच्या उलट, कोणत्या तुकड्यास खत मिळावें व कोणत्यास मिळूं नये हें प्रयोग करणारा स्वतः ठरवितो. भेद एवढाच आहे. पण तो कसें ठरवितो, यांत सारी मेख आहे, आणि ती सांपडण्यास विद्वानांनाही बरींच वर्षें लागलीं.

इंग्लंडांत हार्टफर्डशायर परगण्यांत रॉथॅमस्टेड येथें जॉन बेनेट लॉझ नांवाच्या जमीनदारानें गिल्बर्ट ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें १८४३ सालीं खतांचे प्रयोग सुरू केले. तेथील ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत त्या वर्षापासून गव्हाचा प्रयोग चालला आहे, तो आजही चालू आहे. एका लांब पट्ट्यास शेणखत, दुसऱ्यास अमुक क्षार, तिसऱ्यास कांहींच नाहीं, अशी ती मांडणी आहे. बिनखताचा पट्टा व खताचा पट्टा यांतील फरक तेथें इतका ढळढळीत आहे, कीं तो पाहावयास संख्याशास्त्र लागत नाहीं. परंतु जेथें फरक शेंकडा दहा-पंधराचा असतो (आणि आपल्याला विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या वस्तूंचा वादा तेवढ्याचाच असतो) तेथें एक खताचा पट्टा व एक बिनखताचा पट्टा एवढ्यानें भागत नाहीं. कारण जमीन.

जमीन किती फसवी असते हें त्याच रॉथॅमस्टेडच्या दोघां शास्त्रज्ञांनीं, मर्सर व हॉल यांनीं, मोजून दाखविलें. १९१० सालच्या हंगामांत त्यांनीं एकसारखा दिसणारा एक एकर गहूं घेतला. बियाणें एक, मशागत एक, खत एक. कोठेंही कांहीं वेगळें केलेलें नव्हतें. कापणीच्या वेळीं त्या एकराचे सारखे पांचशें तुकडे पाडले आणि प्रत्येकाचें धान्य निराळें तोललें. सर्वांत हलका तुकडा पावणेतीन पौंडांच्या आंतबाहेर भरला. सर्वांत भारी पांच पौंडांहून अधिक. एकाच शेतांत, एकाच हातानें केलेल्या पिकांत, जवळजवळ दुप्पट फरक! त्या दोन तुकड्यांपैकीं चांगल्या तुकड्यांत कोणी एक चमचा राख टाकली असती, तर राखेचा केवढा डांगोरा पिटतां आला असता, याचा वाचकांनीं विचार करावा.

शिवाय चांगले तुकडे चांगल्यांच्या शेजारीं आणि वाईट वाईटांच्या शेजारीं असा घोळका असतो. शेतकऱ्यास हें नवें नाहीं. कोणत्या कोपऱ्यांत पाणी साचतें, पूर्वी खळें कोठें होतें, हें त्यास ठाऊकच असतें. पण ठाऊक असणें हाच येथें धोका आहे.

रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती १९१९ सालीं रॉथॅमस्टेडला आले, ते तेथें सांठलेल्या आंकड्यांचा ढीग उपसण्यासाठीं. उपसतां उपसतां त्यांना दिसलें, कीं आंकडे कितीही बारकाईनें तपासले तरी मांडणींतील दोष मागाहून धुऊन निघत नाहीं. त्यांनीं उपाय सुचविला तो वरकरणीं पोरखेळासारखा आहे: शेताचे एकमेकांलगतचे तुकडे गटांत बांधावे, आणि प्रत्येक गटांत कोणत्या तुकड्यास खत द्यावयाचें हें चिठ्ठी टाकून ठरवावें. १९२६ सालीं त्यांनीं ही गोष्ट एखाद्या गणिताच्या ग्रंथांत नव्हे, तर ब्रिटिश कृषिखात्याच्या मासिकांत मांडली. पुढें १९३५ सालीं प्रयोगांच्या रचनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. चिठ्ठीस पाणथळ कोपरा ठाऊक नसतो, खळ्याची जागा ठाऊक नसते, आणि खत विकणाराही तिच्या ओळखीचा नसतो. त्यामुळें ज्या गोष्टी आपणांस माहीत आहेत त्याच नव्हेत, तर ज्या माहीतही नाहींत त्या सर्व दोन्ही बाजूंस निःपक्षपातीपणें वांटल्या जातात. वांटणी नेहमीं समसमान होते असें नाहीं. पण ती किती विषम होऊं शकेल हें गणितानें सांगतां येतें, आणि माणसाच्या निवडीविषयीं तें कधींच सांगतां येत नाहीं.

चिठ्ठीवर हात ठेवला कीं प्रयोग कसा बिघडतो, याचें उदाहरण शेतांतलें नसून शाळेंतलें आहे. पण त्यांत दूध आहे, तेव्हां आमच्या वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. १९३० सालीं स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यांत फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाचा परिणाम पाहण्यांत आला. पांच हजारांस रोज पाऊण पिंट, म्हणजे अदमासें सव्वाचारशें मिलिलिटर, कच्चें दूध; पांच हजारांस तितकेंच पाश्चरीकरण केलेलें; उरलेल्या दहा हजारांस दूध नाहीं. मुलांची निवड कोठें चिठ्ठ्यांनीं, तर कोठें नांवांच्या अनुक्रमानें झाली. येथवर ठीक होतें. परंतु निवडींत धट्टींकट्टीं अथवा अशक्त मुलें फार आलीं असें वाटल्यास तीं बदलण्याची मुभा शिक्षकांस होती. शिक्षक हा माणूसच. समोर हाडें निघालेलें पोर दिसत असतां दुधाचा पेला गुबगुबीत मुलास देववत नाहीं. परिणाम असा झाला, कीं दूध न मिळणारीं मुलें आरंभींच वजनानें सुमारें तीन महिन्यांच्या व उंचीनें सुमारें चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं. त्यांतून वजनें कपड्यांसकट घेतलेलीं. फेब्रुवारींत सुखवस्तु मुलांच्या अंगावर जाड लोकरी कपडे, जूनमध्यें ते उतरलेले. गरिबांच्या अंगावर उतरवण्याजोगें थंडींतही फारसें नव्हतें. म्हणजे एका बाजूची वाढ कपड्यांनींच खाल्ली!

हा दोष १९३१ सालीं उघड केला तो विल्यम गॉसेट यांनीं. हे गृहस्थ डब्लिनच्या गिनेस मद्यभट्टींत नोकरीस असून 'स्टुडंट' ह्या टोपणनांवानें लिहीत. सातूच्या वाणांचे प्रयोग करण्यांत त्यांची हयात गेली. त्यांनीं म्हटलें, कीं वीस हजार मुलांऐवजीं एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या व प्रत्येक जोडींतील एकास दूध दिलें असतें, तर अल्प खर्चांत अधिक खरें उत्तर मिळालें असतें. आंकडा मोठा म्हणजे पुरावा मोठा, ह्या समजुतीस याहून सणसणीत उत्तर आमच्या पाहण्यांत नाहीं. येथें हेंही सांगितलें पाहिजे, कीं गॉसेट यांस निव्वळ चिठ्ठी पसंत नव्हती. जमिनीचा कल ओळखून पट्टे आलटून पालटून मांडावे असा त्यांचा आग्रह होता, आणि फिशर यांच्याशीं त्यांचा हा मतभेद १९३७ सालीं ते निवर्तेपर्यंत मिटला नाहीं.

शिक्षकांस हंसण्याचा अधिकार आपल्यालाही नाहीं. नवें बियाणें हौसेनें आणलें, कीं तें विहिरीजवळच्या वाफ्यांत पडतें. जुनें बांधाकडेच्या बाभळीखालीं. पुढें नवें सरस ठरलें म्हणून आपण गांवभर सांगतों. त्यांत लबाडी नसते. दूध अशक्त पोरास जावें तसें नवें बियाणें चांगल्या जागीं जातें, इतकेंच.

मग पाहणी निरुपयोगी समजावी काय? तसें नाहीं. कित्येक ठिकाणीं प्रयोग करणेंच शक्य नसतें. शेतांतील चिठ्ठी रुग्णालयांत नेली ती ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन गुणकारी आहे कीं नाहीं, याचा १९४८ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांवर उभा होता. पण तंबाखूच्या धुरानें फुप्फुसाचा कर्करोग होतो कीं काय, हें पाहण्यासाठीं त्याच हिल यांना माणसांच्या नांवानें चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना विडी ओढावयास लावतां येईना. १९५० सालीं त्यांनीं व रिचर्ड डॉल यांनीं रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. १९५१ पासून सुमारें चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या संवयी व मृत्यू वर्षानुवर्षें टिपले. फिशर यांनीं आक्षेप घेतला तो आपल्या वरील शेजाऱ्याच्या खतासारखाच: ज्यांच्या रक्तांतच रोगाची प्रवृत्ति आहे, त्यांनाच कदाचित् धूम्रपानाची ओढ असेल. आक्षेप तर्काला धरून होता, पण निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. जितकें ओढणें अधिक तितका रोग अधिक, सोडल्यावर धोका कमी, आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत तोच कल, असा पुरावा चहूंकडून जमत गेला. चिठ्ठी नसेल तेथें इतकी मेहनत पडते. एका गांवच्या दहा शेतांवरून तेवढें वजन येत नाहीं.

पाहणींतही चिठ्ठीस एक काम आहे, पण तें निराळें. आपल्याकडे पीक किती आण्यांचें हें नजरेनें ठरविण्याची आणेवारीची पद्धत होती, व नजर कोणत्या शेतावर पडली यावर तिचा भरंवसा. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे व त्यांच्याबरोबर डॉ. पानसे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत गांव, शेत व शेतांतील तुकडा असे तिन्ही चिठ्ठीनें निवडून, तेवढाच कापून तोलण्याची रीत देशांत रुजविली. त्यानें तालुक्यांत किती पिकलें हें खरेपणानें कळतें. तें कशानें पिकलें, हें मात्र त्यानें कळत नाहीं.

तें कळण्यास स्वतःच्या शेतांत सहा जोड्या पुरेत. एकसारख्या जमिनींत एकमेकांस लागून दोन दोन गुंठ्यांच्या सहा जोड्या खुंट्या ठोकून आंखाव्या. जोडी उताराच्या आडवी घ्यावी, म्हणजे एक वाफा वर व एक खालीं असें होणार नाहीं. प्रत्येक जोडीपाशीं नाणें उडवावें: छाप पडला तर उजव्यास खत, कांटा पडला तर डाव्यास. नाण्यानें विहिरीजवळचे सगळे वाफे एकीकडे दिले तरी तें पुन्हां उडवूं नये. लॅनार्कशायरचे शिक्षक तेथेंच चुकले. बी, पाणी, कोळपणी सर्व सारखें द्यावें. कापतांना कडेच्या दोन दोन ओळी सोडून मधलेंच पीक घ्यावें, कारण खत व पाणी बांध ओलांडून शेजारीं झिरपतें. बारा राशी निराळ्या ठेवून निराळ्या तोलाव्या, आणि शक्य तर तोलणारास कोणती कोणाची हें सांगूं नये.

खतांत कांहींच गुण नसेल तर प्रत्येक जोडींत कोणती बाजू भारी भरेल हा केवळ नाण्याचा खेळ उरतो. अशा वेळीं सहाही जोड्यांत खताचीच रास भारी भरणें चौसष्टांतून एकदां घडेल. तसें घडलें तर खत घ्यावें कीं नाहीं, हा विचार भावाशीं ताडून करावा. वाढलेल्या धान्याची किंमत खताच्या किंमतीहून कमी असूं शकते. तीनच जोड्या आंखल्या असत्या तर तीच गोष्ट आठांतून एकदां निव्वळ दैवानें घडली असती, म्हणून तीन पुरत नाहींत. सहांपैकीं चारच भारी भरल्या तर अद्याप कांहीं ठरलें नाहीं असें समजून पुढल्या वर्षीं फिरून जोड्या आंखाव्या. त्या त्याच वाफ्यांत मात्र आंखूं नयेत. मागल्या खताचा अंश तेथें उरलेला असतो.