चकाकत्या रंगाखाली गंज तर नाही ना?

बालीगंजच्या जुन्या गल्ल्यांमध्ये एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी आजही अँबेसेडर उभी दिसते. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्तान मोटर्सने १९५७ पासून ही गाडी बनवली आणि मे २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी अँबेसेडरही आता दहा वर्षांहून जुनी आहे. मुंबईकरांचा जसा प्रीमियर पद्मिनीवर जीव, तसाच इथल्या घरांचा या गाडीवर. म्हणूनच दुर्गापूजा जवळ आली, की डेंट भरून, रंग मारून तिला नवं रूप दिलं जातं.

हे काम सहसा पुट्टीने होतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला लांबी असंही म्हणतात. स्वस्त आणि झटपट उपाय आहे, पण तो कुठे चालतो आणि कुठे जिवावर बेतू शकतो, हे माहीत हवं.

गंज येतो कुठून?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. कोलकात्याची हवा दमट, त्यात पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचतं. २३ सप्टेंबर २०२५ ला काही तासांतच बालीगंजमध्ये २६४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दारात, मडगार्डच्या आत आणि फ्लोअरखाली चिखल अडकतो. तो लवकर वाळत नाही आणि पत्रा आतून कुजू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगून वर येतो. बाहेर फुगा दिसतो, तेव्हा आतलं नुकसान बरंच पुढे गेलेलं असू शकतं.

तात्पुरती डागडुजी कशी कराल?

पत्रा शाबूत असेल आणि फक्त खड्डा किंवा वरवरचा गंज असेल, तर पुट्टी उपयोगी आहे.

• आधी रंग आणि गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून काढा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबू नका. मास्क आणि चष्मा जरूर लावा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

• बारीक खाचांतल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर लावा आणि ते पूर्ण सुकू द्या.

• पुट्टीत हार्डनर अगदी थोडं लागतं, साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम. डब्यावरचं प्रमाण पाहा. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवा.

• एकदम जाड थर देऊ नका. खड्डा खोल असेल तर आधी डेंटरकडून पत्रा ठोकून वर आणा आणि मग पातळ थर द्या. जाड पुट्टी हादऱ्यांनी तडकते.

• सुकल्यावर आधी ८० नंबरच्या, मग बारीक पेपरने कोरडंच घासा. पुट्टी पाणी शोषते, म्हणून त्यावर लगेच प्रायमर आणि रंग द्या.

इथे पुट्टी नकोच

पत्र्याला भोक पडलं असेल तर नुसती पुट्टी टिकत नाही. फायबर ग्लासची जाळी लावून काही महिने निभावता येतं, पण मागून ओल येतच राहते. पक्का उपाय एकच. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करणं.

दाराखालची पट्टी, फ्लोअर, दाराचे बिजागर, सीट बेल्ट बांधलेली जागा आणि सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, इथे पुट्टी कधीच भरू देऊ नका. बहुतेक मोटारींमध्ये बॉडीच सगळा भार पेलते. टक्कर झाली तर याच जागा आतल्या माणसांना वाचवतात. पुट्टीला तेवढी ताकद नसते. रंग मारल्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात आणि खरा धोका तिथेच आहे.

जुनी गाडी घेताय?

एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सोबत न्या. मडगार्डच्या कडा आणि दारांच्या खालच्या भागावरून ते फिरवा. जिथे चुंबक चिकटत नाही, तिथे जाड पुट्टी असण्याची शक्यता आहे. बोटाने टकटक करून पाहा. पत्रा खणखणतो, पुट्टीचा आवाज बद्द येतो. फ्लोअरवरची मॅट उचला आणि गाडी लिफ्टवर चढवून खालूनही बघा. विकणाऱ्याने नकार दिला, तर तिथूनच परत फिरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. तेव्हा सौदा करण्याआधी कागदपत्रंही पाहा.

पावसाळ्यानंतर एवढं कराच

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. ती चिखलाने बुजली तर दार आतून कुजतं. काडीने ती मोकळी करा, गाडी खालून धुऊन घ्या आणि मॅट उन्हात वाळवा. खर्च जवळपास शून्य!

घरच्या जुन्या गाडीत आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. तिला सणासाठी जरूर सजवा, पण रंग निवडण्याआधी खालचा पत्रा तपासा. डेंटरला पहिला प्रश्न 'किती घेणार?' हा नको, 'आत काय निघालं, ते दाखवा' असा असू द्या.